वायूची साक्ष

२००७ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या हॅनी व्हॅन आर्केल या शाळाशिक्षिकेला संगणकाच्या पडद्यावर एक निळसर डाग दिसला. ‘गॅलक्सी झू’ हा उपक्रम तेव्हा नुकताच सुरू झाला होता. स्लोन सर्वेक्षणाने टिपलेल्या लाखो दीर्घिकांची छायाचित्रं तुमच्याआमच्यासारख्यांनी बघायची आणि समोरची दीर्घिका सर्पिल आहे की लंबगोल, एवढंच सांगायचं, असं ते काम. आयसी २४९७ नावाच्या दीर्घिकेच्या खाली तो डाग पडलेला होता. दीर्घिका म्हणावी तर धड आकार नाही, तारा म्हणावा तर फारच पसरलेला. हे काय आहे, असं तिने विचारलं. कोणालाच सांगता येईना.

उत्तर मिळालं ते डागाच्या वर्णपटातून. तो वायूचा ढग होता, जवळजवळ आपल्या आकाशगंगेएवढा पसरलेला आणि आपल्यापासून सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवर. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची हिरवी रेषा त्यात सगळ्यांत ठळक होती. सोबत हेलियम आणि निऑनच्याही अशा रेषा होत्या, की ज्या उमटायला फार प्रखर किरणं लागतात. साध्या ताऱ्यांकडे ती नसतात. ती असतात क्वेसारकडे. दीर्घिकेच्या मध्यावरच्या महाकाय कृष्णविवरात वायू कोसळत असताना त्याच्याभोवती तापलेली तबकडी फिरू लागते, आणि तिच्या उजेडापुढे त्या दीर्घिकेतले सगळे तारे मिळूनही फिके पडतात. त्या उजेडाला आपण क्वेसार म्हणतो.

ढग पेटवणारा क्वेसार शेजारच्या आयसी २४९७ च्या मध्यावर असणार, हे उघड होतं. क्ष-किरण दुर्बिणी तिकडे वळवल्या, तर तिथे ढगाच्या उजेडाला पुरेल असं काहीच नव्हतं. केंद्र मंदावलेलं होतं, आणि तेही थोडंथोडकं नव्हे, कित्येक दहा पटींनी. मग हिशोब मांडला गेला. केंद्रातून निघालेला एक किरण थेट आपल्याकडे येतो. दुसरा आधी हजारो प्रकाशवर्षांवरच्या ढगाकडे जातो, ढगाला पेटवतो आणि मग ढगाचा उजेड आपल्याकडे निघतो. या वळशाला एक-दोन लाख वर्षांपर्यंत जादा वेळ लागू शकतो. तेवढ्या अवधीत क्वेसार मालवला होता, आणि ढगापर्यंत मात्र ती बातमी अजून पोचली नव्हती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. क्वेसारविषयी आपण जे ऐकतो ते बहुतेक त्याच्या स्वतःच्या तेजाविषयी असतं. किती कोटी सूर्यांचं वस्तुमान, किती अब्ज सूर्यांचा उजेड, किती अब्ज प्रकाशवर्षं दूर. हे आकडे खरेच आहेत आणि थक्क करणारेही आहेत. पण क्वेसार काल कसा होता, किती काळ जगला, कुठल्या दिशेला बघत होता, त्याची सत्ता किती दूरवर चालत होती, यातलं फारसं काही तो स्वतः सांगू शकत नाही. ते सांगतो त्याच्याभोवतीचा वायू. मला या वायूविषयी लिहायचं आहे, कारण इतक्या मोठ्या नाट्याचा इतका विरळ साक्षीदार मी दुसरा पाहिलेला नाही.

किती विरळ? आजच्या विश्वातला सगळा साधा पदार्थ, म्हणजे तारे, ग्रह, ढग, आपण, मोडून सगळीकडे सारखा पसरला, तर चार घनमीटर जागेच्या वाट्याला जेमतेम एक अणू येईल. या पदार्थातला फार थोडा भाग ताऱ्यांत आहे. बाकीचा बहुतेक सगळा वायूच्या रूपात आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा दीर्घिकांच्याही बाहेर, त्यांच्या मधल्या अफाट जागेत आहे. आपण ज्याला पोकळी म्हणून सोडून देतो, तिथे विश्वातल्या पदार्थाचं मुख्य घर आहे.

हा वायू आहे, हे कळलं तेही क्वेसारमुळेच. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथे सिरिल हॅझर्ड यांनी ३सी २७३ हा रेडिओस्रोत चंद्राच्या कडेआड कधी जातो आणि कधी बाहेर येतो हे मोजून त्याची जागा अचूक ठरवली. (पुढे गोविंद स्वरूप यांनी ऊटीची दुर्बीण उभारली तीही चंद्राची हीच युक्ती मनात धरून.) १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या रेषा ओळखल्या आणि हा ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असल्याचं दाखवलं. दोनच वर्षांनी श्मिट यांनी ३सी ९ या आणखी दूरच्या क्वेसारची ताम्रसृती मोजली. तिचं मूल्य २ च्या किंचित वर निघालं. म्हणजे तिथून निघालेली प्रत्येक तरंगलांबी आपल्यापर्यंत येईस्तोवर तिपटीने ताणलेली.

इथे हायड्रोजनची एक सवय कामाला आली. शांत, अखंड हायड्रोजन अणू १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश हटकून गिळतो. याला लायमन-आल्फा म्हणतात. जमिनीवरून हा प्रकाश दिसत नाही, वातावरण तो अडवतं. पण तिपटीने ताणला की तो ३६६ नॅनोमीटरवर येतो आणि पालोमारच्या दुर्बिणीला दिसू लागतो. १९६५ मध्ये जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी प्रश्न केला: मधली जागा जर अखंड हायड्रोजनने भरलेली असेल, तर या रेषेच्या निळ्या बाजूला क्वेसारचा वर्णपट पार काळा व्हायला हवा. तो तसा का नाही? लाखात एक अणू अखंड उरला असता तरी उजेड बराचसा गिळला गेला असता. याचा अर्थ, तिथला जवळजवळ प्रत्येक अणू फुटलेला आहे, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन वेगळे झालेले आहेत. वायू नाही असं नाही. वायू आयनीभूत आहे. एका न दिसलेल्या अंधारावरून एवढं मोठं अनुमान काढणाऱ्या त्या दोघा तरुणांचं मला फार कौतुक वाटतं.

पुढे वर्णपट बारीक होत गेले तेव्हा त्या निळ्या बाजूला शेकडो अरुंद काळ्या रेषा दिसल्या. वाटेत जिथे जिथे वायू थोडा दाट आहे, तिथे तिथे उरल्यासुरल्या अखंड अणूंनी आपापली रेषा ओढलेली. प्रत्येक रेषा वेगळ्या अंतरावरची, म्हणून वेगळ्या ताम्रसृतीवर, म्हणून वर्णपटात वेगळ्या जागी. याला लायमन-आल्फा अरण्य असं नाव पडलं. जितकं दूर बघावं तितकं हे अरण्य दाट होत जातं, कारण पूर्वी विश्व लहान होतं आणि वायू दाट होता. आणि मग, क्वेसारच्या अगदी जवळ पोचताना, जिथे ते सगळ्यांत दाट असायला हवं तिथेच ते विरळ होतं.

१९८० च्या दशकात हा परिणाम नीट लक्षात आला. कारण साधं आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तोडायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि क्वेसारच्या अतिनील किरणांत ती भरपूर असते. वायू सगळीकडेच आयनीभूत आहे, पण क्वेसारच्या अंगणात तो अधिकच. तिथे गिळायला अखंड अणूच शिल्लक राहात नाहीत. मला यातला हद्दीचा विचार विशेष वाटतो. या अंगणाला भिंत नाही. अंतराच्या वर्गाप्रमाणे क्वेसारचा प्रभाव ओसरत जातो, आणि त्याची हद्द तिथे पडते जिथे त्याचा एकट्याचा उजेड इतर सगळ्या क्वेसारांच्या आणि दीर्घिकांच्या मिळून पसरलेल्या उजेडाइतका होतो. म्हणून क्वेसारचं स्वतःचं तेज माहीत असलं आणि हद्द मोजता आली, तर हद्दीबाहेर विश्वभर भरून राहिलेला तो मंद अतिनील उजेड किती, हेही काढता येतं. १९८८ मध्ये बायटलिक, डंकन आणि ओस्ट्रायकर यांनी नेमकं हेच केलं. थेट बघता न येणाऱ्या उजेडाचं मोजमाप, वायूतल्या फटींवरून.

इथे जयंत नारळीकरांची आठवण येणं मराठी वाचकाला अपरिहार्य आहे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी क्वेसार हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या लेखनात वाचला. क्वेसार खरोखर इतके दूर आहेत का, त्यांची ताम्रसृती केवळ विश्वाच्या प्रसरणामुळेच आहे का, याविषयी त्यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर दीर्घकाळ शंका बाळगली आणि ती उघडपणे मांडली. प्रस्थापित मताला असा शांतपणे आयुष्यभर प्रश्न विचारणं सोपं नसतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच आहे. तरीही माझ्या मते या प्रश्नाचा निकाल वायूने दिला आहे. एवढं अरण्य वाटेत उभं असायचं तर वाट तेवढी लांब असावी लागते. आणि ज्या ताम्रसृतीवर क्वेसार आहे असं आपण म्हणतो, बरोबर त्याच ताम्रसृतीपाशी त्याच्या भोवतीचं अरण्य विरळ होतं. क्वेसार दुसरीकडे कुठे असता, तर तिथल्या वायूला त्याची झळ लागली नसती. नारळीकरांनी घडवलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतच रघुनाथन श्रीआनंद यांच्यासारखे संशोधक याच शोषणरेषांवर काम करत आले. २००० मध्ये त्यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर एका क्वेसारच्या वाटेतल्या वायूच्या ढगावरून त्या काळच्या विश्वाच्या पार्श्वप्रारणाचं, म्हणजे महास्फोटानंतर सगळीकडे उरलेल्या उष्णतेचं, तापमान ६ ते १४ केल्विन असल्याचं दाखवलं. आज ते २.७ आहे. दिवा क्वेसारचा, तापमापक वायूचा.

वायू क्वेसारचं वयही सांगतो. नव्या उजेडाशी जुळवून घ्यायला त्याला काही वेळ लागतो, विश्वाच्या आरंभीच्या त्या काळात साधारण ३०,००० वर्षं. २०१७ मध्ये हायडेलबर्गच्या आना-क्रिस्टिना आयलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्व एक अब्ज वर्षांचंही झालेलं नव्हतं तेव्हाचे क्वेसार तपासले. एरवी कोटी-दीड कोटी प्रकाशवर्षं पसरणारं अंगण त्यांतल्या काहींच्या बाबतीत फारच आखूड निघालं. म्हणजे हे क्वेसार लाखभर वर्षांपेक्षाही कमी काळ पेटलेले असावेत. पण त्यांच्या पोटातली कृष्णविवरं अब्ज सूर्यांएवढी आहेत, आणि कृष्णविवराला खाऊन खाऊन तेवढं व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. मग ती वाढली कधी? धुळीआड लपून? की थांबून थांबून, झटक्याझटक्याने? हा गुंता अजून सुटलेला नाही. तो पडला तो मात्र वायूने खोटं सांगितलं नाही म्हणून.

हेलियमची हकिगत मी थोडक्यात सांगते. त्याचा दुसरा इलेक्ट्रॉन तोडायला ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, हायड्रोजनच्या चौपट. ताऱ्यांना ते झेपत नाही. हायड्रोजन फोडण्याचं श्रेय बहुतेक अभ्यासक पहिल्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांना देतात, हेलियमचं मात्र क्वेसारकडेच जातं. सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वी, क्वेसारांचा सुकाळ असताना, हे काम पुरं झालं आणि त्याच्या भरात सगळ्या विश्वातला वायू काही हजार अंशांनी तापला. इतक्या विरळ पदार्थाला, इतक्या दुरून, इतक्या सगळीकडे ऊब मिळाली.

सगळीकडे म्हटलं खरं, पण एकेका क्वेसारचा उजेड सगळीकडे जात नाही. त्याच्या कमरेभोवती धुळीचं जाड कडं असतं आणि प्रकाश दोन विरुद्ध दिशांच्या झोतांतूनच बाहेर पडतो. हेनावी आणि प्रोचास्का या खगोलशास्त्रज्ञांनी एका क्वेसारच्या बाजूने जाणारा दुसऱ्या, मागच्या क्वेसारचा प्रकाश तपासला. पुढच्या क्वेसारच्या आजूबाजूचा वायू चांगला अखंड निघाला, भरपूर शोषणारा. दिव्याखाली अंधार, इथे अक्षरशः. आयसी २४९७ भोवतीही रेडिओ दुर्बिणीला हायड्रोजनची लांबच लांब शेपटी दिसली होती. तिच्यातला झोतात सापडलेला तुकडा तेवढा उजळला. आणि झोत जर नेमक्या धाग्यावर पडला, तर काय दिसतं ते २०१४ मध्ये सेबास्तियानो कांतालुपो आणि सहकाऱ्यांनी हवाईच्या केक दुर्बिणीतून पाहिलं. यूएम २८७ या क्वेसारभोवतीचा वायू जवळजवळ १५ लाख प्रकाशवर्षांपर्यंत चमकत होता. दीर्घिका ज्या जाळ्यावर गुंफलेल्या आहेत असं गणितं सांगत होती, त्या जाळ्याचा एक धागा क्वेसारने प्रकाशात आणला होता.

माझं आजोळ नारायणगावचं. तिथून खोडदच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागांच्या पलीकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. स्वरूप यांच्या दृष्टीतून उभ्या राहिलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३०. एकदा मामाने विचारलं, “अगं, रात्रंदिवस वर तोंड करून असतात त्या. त्यांना दिसतं तरी काय?”

“मामा, पुष्कळदा वायूच दिसतो. फार लांबचा.”

“आणि त्या वायूचं काय असतं एवढं?”

तेव्हा मला नीट सांगता आलं असतं तर मी त्याला पॉर्फिरिऑनचं सांगितलं असतं, पण तो शोध तेव्हा लागायचा होता. २०२४ मध्ये मार्टिन ओई आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या लोफार दुर्बिणीतून एका कृष्णविवराचे दोन झोत शोधले; पॉर्फिरिऑन ते हेच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्यासारख्या १४० आकाशगंगा ओळीने ठेवाव्यात तेवढी. हे नेमके कुठल्या दीर्घिकेतून निघालेत ते ठरवायला खोडदच्या तबकड्यांची मदत झाली. असे झोत वायूला नुसते तापवत नाहीत. ते दीर्घिकांमधल्या रित्या जागेत ऊर्जा, वेगवान कण आणि चुंबकत्व नेऊन सोडतात. द्राक्षबागांच्या शेजारी उभं राहून हे कळलं, याचा मला अभिमान वाटतो. आणि मामाच्या प्रश्नाचं उत्तर मी आता देऊ शकते: तापलेला वायू लवकर थंड होत नाही, थंड झाल्याशिवाय तो दीर्घिकेत कोसळत नाही, कोसळला नाही तर नवे तारे जन्मत नाहीत. कुठे तारे होतील आणि कुठे नाहीत, यात क्वेसारचा हात असतो.

आपली आकाशगंगा यातून सुटलेली नाही. तिच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे आणि आज जवळपास निजलेलं आहे. पण मॅगेलनच्या दोन मेघांमागे वाहणारा हायड्रोजनचा प्रवाह एका ठिकाणी जरुरीपेक्षा जास्त चमकतो. सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी आपलं केंद्र काही काळ भडकलं आणि त्याचा झोत त्या प्रवाहावर पडला, असं ऑस्ट्रेलियातले जॉस ब्लँड-हॉथॉर्न आणि त्यांचे सहकारी मानतात. ते बरोबर असतील, तर आफ्रिकेत आपले पूर्वज दोन पायांवर चालायला लागले होते त्या काळात दक्षिण आकाशाच्या मागे हे घडलं, आणि त्याची साक्ष पुन्हा वायूनेच जपून ठेवली.

आता वाचकांना एक विनंती. एप्रिलच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास कन्या रास महाराष्ट्रातून डोक्याजवळ असते. शहराच्या उजेडापासून दूर, २० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण आणि चांगला नकाशा जवळ असेल, तर ३सी २७३ दिसतो. त्याची प्रत १२.९ आहे, दिसायला एक फिकट तारा, बाकी काही नाही. तो प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षं चालत आलेला आहे. १९९१ मध्ये हबल दुर्बिणीने त्याच्या अतिनील वर्णपटात लायमन-आल्फाच्या रेषा पाहिल्या, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या अगदी शेजारच्या जागेतही हा वायू आहे. तुमच्या गावात आकाशदर्शनाचा एखादा गट असेल तर त्यांना या एका ठिपक्याकडे दुर्बीण लावायला सांगा, आणि मुलांना बरोबर घेऊन जा.